लालला लाल, काळ्याला काळी

अगं, काल रात्री फोनवर तू रडायच्या बेतात होतीस, म्हणून आज दुपारची सगळी आवराआवर झाल्यावर सविस्तर लिहायला बसलेय. बाबांचा अ‍ॅम्प आणि ते दोन थोराड स्पीकर तू रत्नागिरीहून टेम्पोत घालून पुण्याला आणलेस, हॉलमध्ये मांडलेस, मागचा तारांचा गुंता जमेल तसा जोडलास. आणि लावल्यावर आवाज कसा आला? तुझेच शब्द, "ताई, गोणपाटाआडून गातायत असं वाटतंय." आता दादा म्हणतो भंगारात दे, नवरा म्हणतो छोटा ब्लूटूथवाला आणू, आणि तुझ्या मनानं घेतलंय की बाबांची वस्तू तुझ्या हातून बिघडली.

बिघडली नाहीये गं. खरं सांगू का, मला तर वाटतंय एकच तार उलटी लागलीये. पण ते कसं ओळखायचं ते सांगण्याआधी तुझ्या भीतीचं बघू, कारण तू तारांकडे बघतेस ती झुरळाकडे बघावं तशी.

बघ, भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. त्याला घाबरायचंच. स्पीकरच्या तारेत तेवढं नसतं. ५० वॉटचा अ‍ॅम्प ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोरात वाजवत असला तरी तारेवर २० व्होल्टच्या आसपास. आपण तर त्याच्या चतुर्थांशातही ऐकत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकू लगेच वर येतात. तरीसुद्धा तारेला हात लावायच्या आधी अ‍ॅम्प बंद करायचा आणि प्लग भिंतीतून काढून बाजूला ठेवायचा. नुसतं बटण दाबून भागत नाही. यात तुझी काळजी आहेच, पण त्याहून जास्त अ‍ॅम्पची आहे.

का ते माझ्यावरून ऐक. लग्नानंतरचा दुसरा गणपती. घर पाहुण्यांनी भरलेलं, एक स्पीकर मधूनच बंद पडायचा. मी म्हटलं, तार सैल झालीये, चालू असतानाच जरा खोचते. खोचली. आतून 'टक' असा आवाज आला आणि सगळं चिडीचूप. दोन दिवसांनी कारागीर आला, त्यानं मागून मोबाइलचा टॉर्च मारला आणि केसाएवढी एक तांब्याची तार चिमट्यानं उचलून दाखवली. काळ्या टर्मिनलमधून सुटून ती लालला टेकली होती. आमच्या अ‍ॅम्पमध्ये संरक्षणाचं सर्किट होतं, त्यानं वेळीच आवाज तोडला, म्हणून वाचलो. जुन्या अ‍ॅम्पमध्ये ते नसलं तर आतले ट्रान्झिस्टर जळतात. त्या कारागिरानं पैसे घेतले नाहीत, नुसता हसला. ते हसू मला फार महाग पडलं.

तर पहिलं काम, आहे त्या स्थितीत मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढ. मग प्लग काढ, तारा सोडव, आणि प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टी लावून 'डावा', 'उजवा' लिही. हसू नकोस. मसाल्याच्या डब्यांवर नावं लिहिणारी बाई तू, इथे कसली लाज?

आता तारांची टोकं नीट बघ. रत्नागिरीची खारी हवा, त्यात इतकी वर्षं. टोकाचं तांबं काळपट किंवा हिरवट झालं असेल. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं ना, तसलाच प्रकार. त्या पापुद्र्यातून वीज धड जात नाही, मग आवाज कधी येतो कधी जातो. ते टोक सरळ कापून टाक आणि आतलं लालसर चकचकीत तांबं लागेपर्यंत सोल. हातभर कापूनही आत काळंच निघालं तर ती तार गेली समज. जीव गुंतवू नकोस, बाबांच्या स्पीकरची ती काही नाळ नव्हे.

सोलायचं किती, तर जेमतेम एक सेंटीमीटर. नवशिके नेहमी जास्त सोलतात आणि मग उघडं तांबं टर्मिनलच्या बाहेर लोंबत राहतं. मग ते तंतू चिमटीत धरून एकाच दिशेनं पीळ द्यायचा. समईची वात वळतेस तसा, अगदी तसाच. एकही तंतू बाहेर राहता कामा नये. आणि कोणी म्हणेल टोकाला डाग मारून घ्या, म्हणजे सोल्डर लावून टोक कडक करा, तर स्क्रूखाली आवळायच्या टोकाला ते नको. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सहा महिन्यांनी पकड सैल. अगदी नीटनेटकं हवं असेल तर बनाना पिना आणून लाव, पण त्या बसतात का ते आधी बघ. जुन्या अ‍ॅम्पला बहुतेक वेळा स्प्रिंगचे चिमटे असतात, त्यात साधी पिळलेली तारच बरी.

नवी तार घ्यायची वेळ आलीच तर तपकीर गल्लीत जा, पण घरून अंतर मोजून जा. मी न मोजता गेले होते आणि ९० मीटरचं अख्खं बंडल घेऊन आले. अजून माळ्यावर आहे, तुला हवं तर ने. दुकानदाराला सांगायचं, दोन कोअरची, दीड एमएमची, मल्टिस्ट्रँड, पूर्ण तांब्याची. 'पूर्ण तांब्याची' हे ठासून सांग. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही मिळते, दिसायला हुबेहूब. एक ग्रॅम सोन्याचा हार कसा, लग्नात लांबून कोणाला कळतं? नखानं किंवा सुरीनं तंतू खरवडला की आत पांढरं दिसतं, आणि हातात धरली की हलकी लागते. ती वाईट असते असं नाही, पण तिचा विरोध तांब्याच्या साधारण दीडपट, म्हणजे तेवढ्याच कामाला जाड घ्यावी लागते.

दीड एमएमच का? अगं, हे गणित इतकं सोपं आहे की मला ते कळल्यावर रागच आला, इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही! अ‍ॅम्पपासून स्पीकर पाच मीटरवर असेल तर वीज पाच मीटर जाते आणि पाच मीटर परत येते, म्हणजे दहा मीटर तार. दीड एमएमच्या तांब्याच्या दहा मीटरचा विरोध साधारण ०.१३ ओहम. तुझा स्पीकर ८ ओहमचा. म्हणजे तारेत वाया जातंय ते दोन टक्क्यांहूनही कमी. तेच अर्ध्या एमएमच्या बारीक तारेत ०.४ ओहमच्या आसपास जातं, म्हणजे जवळजवळ पाच टक्के. पाच टक्क्यांच्या आत असावं असा एक ढोबळ नियम आहे. तेव्हा टेबल लॅम्पची बारकी वायर नको आणि बोटाएवढी जाड केबलही नको. आणि हो, एक तार तीन मीटर आणि दुसरी पाच मीटर झाली म्हणून डोकं धरून बसू नकोस. दोन मीटर जास्तीची तार ओलांडायला विजेला सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो. तेवढ्यात हवेतला आवाज केसाच्या जाडीएवढाही सरकत नाही. तू सोफ्यावर जरा रेलून बसलीस तर याहून हजारपट फरक पडतो.

आता मुख्य गोष्ट, तुझं गोणपाट.

स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो, एवढं तर तुला दिसतंच. लालला लाल आणि काळ्याला काळी तार लावली की दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे येतात, एकाच वेळी मागे जातात. एकाची तार उलटी लागली की एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे. दोघींनी मिळून चादर झटकायची आणि एकीनं वर उचलताना दुसरीनं खाली ओढायची, असं केल्यावर चादरीचं काय होईल? इथे हवेचं तेच होतं. खालच्या सुरांची लाट लांब असते, १०० हर्ट्झच्या सुराची जवळजवळ साडेतीन मीटर, त्यामुळे दोन स्पीकरमधलं अंतर तिच्यापुढे थोडंच ठरतं आणि एकाची लाट दुसऱ्याची लाट खाऊन टाकते. वरचे बारीक सूर तसे सरसकट मरत नाहीत, ते नुसते भरकटतात. म्हणून तबल्याची चाट ऐकू येते पण डग्ग्याचा घुमारा गायब. आणि गाणारा समोर बसल्यासारखा वाटत नाही, त्याचा आवाज कुठून तरी कानाच्या बाजूनं येत राहतो.

मला हे इतकं पाठ कसं? कारण माझे स्पीकर तीन वर्षं उलटे होते. तीन वर्षं! वर मी पाहुण्यांना सांगायची, "नवीन आहेत ना, मोकळे व्हायला वेळ लागतो." जशी काही चपलाच! एका दिवाळीत अकरावीतला भाचा आला, पाच मिनिटं ऐकून म्हणाला, "मावशी, डग्गा कुठे गेला?" आणि सोफ्यामागे वाकून एक तार उलटी केली. मला त्या दिवशी माझ्याच घरातल्या जुन्या सीडी नव्यानं कळल्या. त्याला जास्तीच्या चार करंज्या दिल्या आणि कोणाला सांगू नकोस म्हटलं. त्यानं सगळ्यांना सांगितलं.

तू कशी तपासशील ते सांगते. आधी जुन्या ७८च्या तबकडीवरून घेतलेलं काहीही लाव, बालगंधर्वांचं नाट्यपद लाव. ती ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्हीकडे तेच. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये समोर बस आणि डोळे मीट. आवाज दोन्ही स्पीकरच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून आला पाहिजे. तसा आला तर जोडणी बरोबर. पसरट, विस्कटलेला, जागा न सापडणारा वाटला तर एक तार उलटी आहे.

पण डग्ग्याची परीक्षा त्यावर करू नकोस हं, त्या काळच्या मुद्रणात खालचे सूर मुळातच कमी. त्यासाठी अलीकडचं, तबला ठणठणीत असलेलं काही लाव. दोन्ही स्पीकर एकमेकांकडे तोंड करून वीतभर अंतरावर ठेव, ऐक. मग बंद कर, प्लग काढ, एकाच स्पीकरची लाल-काळी अदलाबदल कर, पुन्हा त्याच आवाजात ऐक. ज्या वेळी डग्गा भरून येतो ती जोडणी खरी. दोन्ही स्पीकरच्या तारा फिरवल्यास तर पुन्हा जैसे थे, हे लक्षात ठेव. उत्साहात तेच होतं.

तारेवर रंगच नसेल, दोन्ही पदर सारखेच दिसत असतील तर बोटानं चाचपून बघ. एका पदरावर बारीक रेघ, कंगोरा किंवा अक्षरं असतात. तेही नसेल तर घड्याळातला पेन्सिल सेल आण. तार अ‍ॅम्पपासून पूर्ण सोडवायची, आणि तिची दोन टोकं सेलच्या दोन बाजूंना क्षणभर टेकवायची. नुसतं टेकवून उचल, धरून बसू नकोस. समोरची जाळी काढून मोठ्या पडद्याकडे बघ. तो 'टुप' करून बाहेर आला तर सेलच्या प्लसला टेकलेला पदर स्पीकरच्या लालचा. आत गेला तर उलटा. मला हा खेळ इतका आवडला की मी घरातले सगळे स्पीकर तपासून झाल्यावर शेजाऱ्यांचेही तपासून दिले.

एक स्पीकर अजिबात बोलतच नसेल तर लगेच कारागिराला फोन करू नकोस. अ‍ॅम्पच्या बाजूला दोन्ही स्पीकरच्या तारा आपसात बदल, डाव्याची उजवीकडे, उजव्याची डावीकडे. मुका स्पीकर बोलायला लागला आणि दुसरा मुका झाला, तर दोष अ‍ॅम्पकडे किंवा त्याच्याही मागे. तोच स्पीकर मुका राहिला, तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या तारेत. एवढं स्वतः शोधून मग कारागिराशी बोललं की त्याचा सूरच बदलतो बघ.

तुझ्या स्पीकरच्या मागे दोनऐवजी चार टर्मिनल आहेत म्हणालीस, आणि वरच्या-खालच्या जोडीला सांधणाऱ्या पितळी पट्ट्या. त्या मळलेल्या दिसतात म्हणून काढू नकोस. वरची जोडी बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरची, खालची मोठ्याची, आणि एकच तार असेल तर दोघांना वीज पोचते ती या पट्ट्यांमुळे. मी त्या एकदा पीतांबरीनं घासायला काढल्या, वाळत ठेवल्या आणि विसरले. मग दोन दिवस घरात नुसतं टिणटिण, आणि मी म्हणतेय गाणंच खराब आहे. लोक पट्ट्या काढून दोन-दोन तारा लावतात, त्यात फार फरक पडतो असंही सांगतात. मी करून पाहिलं. मला तरी काही कळलं नाही, तारा मात्र दुप्पट लागल्या.

स्वयंपाकघरातही दोन स्पीकर हवेत असं तू म्हणशीलच, मी तुला ओळखते. पण ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलवर शेजारी-शेजारी लावले की अ‍ॅम्पला ते मिळून ४ ओहम दिसतात, आणि त्याला जास्त वीज ओतावी लागते. अ‍ॅम्पच्या मागे बारीक अक्षरात किती ओहमपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. आधी ते वाच, मग भोकं पाड. आणि बाबांचा अ‍ॅम्प जर व्हॉल्व्हवाला निघाला तर एक उलटी काळजी, स्पीकर न जोडता तो वाजवायचाच नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

महागड्या केबलचं विचारलंस. काय सांगू! भिशी लागली त्या महिन्यात मी घेतली होती एक, वेणीसारखी विणलेली, जांभळ्या रंगाची. लावली आणि शपथेवर सांगते, आवाजावरचा पडदा हटला असं वाटलं. लेकीला ते पटेना. तिनं मला पाठ करून बसवलं आणि दहा वेळा कधी जुनी, कधी नवी लावत गेली, मला न सांगता. आवाजाचं बटण एकाच खुणेवर. दहातली चार मी बरोबर ओळखली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी बरं झालं असतं. ती जांभळी केबल अजून लावलेलीच आहे. काढणार कशी, पैसे गेलेत ना! पडदा हटल्यासारखं वाटलं होतं ते मात्र खोटं नव्हतं गं. जुन्या तारेची कळकलेली टोकं त्या दिवशी पहिल्यांदा निघाली होती. लेकीनं परीक्षेसाठी जुनी परत लावली तेव्हा तिचीही टोकं ताजी सोलली होती, म्हणून मग दोन्ही सारख्याच वाजल्या.

म्हणूनच तुला सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदल. आमटीत चिंच, गूळ आणि मीठ एकदम वाढवलं तर नेमकं कशानं सुधारली ते कळत नाही. तेच गाणं, तीच खुर्ची, तोच आवाज. आवाज जरासा मोठा झाला तरी कानाला तो चांगला वाटतो, तिथे सगळे फसतात. वहीत दोन ओळी लिहून ठेव.

सगळं मार्गी लागल्यावर एक गंमत दाखवीन. डेव्हिड हॅफलर नावाच्या अमेरिकन माणसानं १९७०च्या सुमारास ती लोकप्रिय केली. मागे एक जादा स्पीकर ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही तारा अ‍ॅम्पच्या दोन्ही लाल टर्मिनलना, काळ्यांना काहीच नाही. मग त्या स्पीकरमधून फक्त डाव्या-उजव्यातला फरक येतो. मधला गाणारा जवळजवळ नाहीसा, आणि मैफलीच्या सभागृहाचा घुमार, टाळ्या, कुणाचा खोकला पाठीमागून. बालगंधर्वांचं मोनो लावलंस तर तो स्पीकर चक्क गप्प बसेल! पण हे एकटीनं करायचं नाही. ज्या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही काळी टर्मिनल आतून एकच असतात तिथेच ते चालतं. आजकालच्या पुष्कळ छोट्या अ‍ॅम्पमध्ये तशी नसतात, तिथे नुकसान होईल. बाबांच्या अ‍ॅम्पचं कारागिराला विचारू, मग मी येते.

तोवर रविवारी सकाळी, मुलं उठायच्या आत, तू आणि सेल आणि चिकटपट्टी. तासाभराचं काम आहे. डग्गा परत आला की लगेच मला फोन कर, मी कणीक मळत असले तरी उचलीन. आणि बाई, त्या पितळी पट्ट्या घासायच्याच असतील तर जागच्या जागी कापडानं पूस. काढू नकोस.